मुसळ आधी, कुसळ नंतर: मंडळीत कुणाला चूक दाखवायची वेळ आली तर

मी निवृत्त शिक्षिका. एकतीस वर्षं लाल पेनाने वह्या तपासल्या. निवृत्त झाल्यावर पेन सुटलं, डोळ्याची सवय काही सुटली नाही. चर्चमध्ये उपासनेत बसले की गायनवर्गात कुणाचा सूर खाली लागला ते मला कळतं, मागच्या बाकावर कोण मोबाईल बघतंय ते मान न वळवता कळतं, आणि दानाची थैली पुढे सरकवताना कोण वर छताकडे बघतं तेही कळतं.

चार वर्षांपूर्वी महिला मंडळाच्या गुरुवारच्या प्रार्थनेत हडपसरहून येणारी एक तरुण बाई प्रार्थना करत होती. लांबलचक. प्रभो, अमक्या ताईंच्या मुलाची दारू सोडव, तमक्या वहिनींच्या घरातली भांडणं मिटव, नावं घेऊन, घरातला सगळा तपशील देऊन. आमेन झालं आणि मी चौदा बायकांसमोर म्हणाले, “अगं, ही प्रार्थना होती की सातच्या बातम्या?” सगळ्या हसल्या. तीही हसली. पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्यानंतर पाच महिने आली नाही.

मी बोलले ते चुकीचं नव्हतं, हीच तर अडचण झाली. मुद्दा बरोबर असल्यामुळे माझं काय चुकलं ते कळायला मला फार वेळ लागला. मग मी काय काय केलं, कुठे घसरले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. संडे स्कूल, तरुण संघ, गायनवर्ग, महिला मंडळ, कमिटी, अशी कुठलीही जबाबदारी ज्यांना नव्याने मिळाली आहे त्यांच्यासाठी. मंडळीत नव्याने आलेल्यांनीही वाचावं. नव्या माणसाचा उत्साह जबर असतो आणि त्याला पहिल्या दोन महिन्यांतच सगळ्यांच्या चुका दिसू लागतात.

सुरुवातीलाच एक अपवाद

मुलांशी गैरवर्तन, मारहाण, पैशांची अफरातफर, कुणाच्या जिवाला धोका, अशी गोष्ट असेल तर खालच्या पायऱ्या तुमच्यासाठी नाहीत. तिथे वही घेऊन आत्मपरीक्षण करत बसायचं नाही. मुलाचा प्रश्न असेल तर १०९८ ला, तातडीची वेळ असेल तर ११२ ला फोन करा. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. “न्याय करू नका असं बायबलमध्ये वचन आहे ना,” असं म्हणून कुणी तुम्हाला गप्प करू पाहत असेल, तर तो माणूस वचनाचा आडोसा घेतोय एवढं ओळखा.

लागणारं साहित्य

- शंभर पानी वही. साधी. दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार नाही अशी जागाही हवी.
- पेन्सिल. लाल पेन नको, हे मी माझ्यापुरतं सांगते.
- पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. मत्तय ७:१-५ आणि १८:१५-१७, गलतीकरांस पत्र ६:१, स्तोत्र १३९ चा शेवट, २ शमुवेल १२. एवढ्या ठिकाणी खुणा घालून ठेवा.
- तुमची भीडभाड न ठेवणारा एक माणूस. हे साहित्य सगळ्यात दुर्मिळ, त्याबद्दल चौथ्या पायरीत.
- बसभाडं किंवा पेट्रोल, कारण जायचं आहे ते प्रत्यक्ष.

१. वचन नीट वाचा, अर्धवट नको

“डोळ्यातलं कुसळ आणि मुसळ” ही आपल्याकडे म्हण म्हणून इतकी रुळली आहे की ती येशूने डोंगरावर सांगितलेल्या गोष्टीतली आहे हे चर्चमध्ये वाढलेल्यांनाही आठवत नाही. मूळ ग्रीकमध्ये दुसरा शब्द आहे घराच्या तुळईचा. सुताराच्या घरात वाढलेल्या माणसाच्या तोंडी तो शोभतो. मराठीत त्याचं मुसळ झालं आणि कुसळाशी यमक जुळलं. मला तर तुळईपेक्षा मुसळच आवडतं. डोळ्यात मुसळ घेऊन दुसऱ्याच्या डोळ्यावर वाकलेला माणूस नुसता डोळ्यासमोर आणा, समोरच्याचं डोकं फुटणार हे सांगायला नको.

या वचनाच्या दोन्ही टोकांना खड्डे आहेत. काही जण “न्याय करू नका” एवढं पहिलं वाक्य उचलतात आणि कुणालाच काही बोलायचं नाही असं ठरवून टाकतात. पण पाचवं वचन वाचा. आधी मुसळ काढ, म्हणजे मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. कुसळ काढायचं आहेच. तसंच भावाच्या डोळ्यात सोडून दिलं तर ती माया नव्हे. फक्त क्रम ठरलेला आहे. दुसरे काही जण, म्हणजे माझ्यासारखे, हा क्रम पाठ असूनही पहिली पायरी झाली असं धरून चालतात.

२. चूक लिहा, मग नाव खोडा

कुणाची चूक खुपली की लगेच बोलू नका. किमान एक रात्र जाऊ द्या. घरी आल्यावर वहीत लिहा: कोण, काय केलं, कधी. विशेषणं नकोत. “ती भोचक आहे” असं लिहायचं नाही, “तिने प्रार्थनेत तिघींची नावं घेऊन त्यांच्या घरची गोष्ट सांगितली” असं लिहायचं.

मग ते नाव खोडा आणि तिथे स्वतःचं नाव घाला. वाक्य मोठ्याने वाचा.

हे मी पहिल्यांदा केलं तेव्हा मला हसू आलं. मी आणि चारचौघींत कुणाच्या घरच्या गोष्टी? छे. माझी प्रार्थना मोजकी, तीन मिनिटांची असते. दोन दिवसांनी बहिणीशी फोनवर बोलत होते. बोलता बोलता म्हणाले, “अगं, प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं, त्या अमक्यांच्या मुलीचं काही खरं नाही बरं का.” आणि हातात फोन तसाच राहिला. “प्रार्थनेसाठी म्हणून सांगते.” आमच्या मंडळीत या तीन शब्दांच्या परवान्यावर वाटेल ती बातमी कुठेही जाऊ शकते. ती बिचारी निदान देवासमोर, डोळे मिटून सांगत होती. मी सांगत होते बहिणीला, चहा पीत.

दुसऱ्याची जी चूक आपल्याला सगळ्यात जास्त टोचते, तिचं लाकूड पुष्कळदा आपल्याच मुसळाचं असतं. दावीद राजाचं बघा. आपला शिपाई उरीया याची बायको आणली, उरीयाला लढाईत पुढे धाडून मारवलं, आणि राजा मजेत. नाथान संदेष्टा येतो आणि एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावल्याची गोष्ट सांगतो. दावीद भडकतो, असं करणारा मरणदंडाला पात्र आहे म्हणतो. मग नाथान म्हणतो, तो मनुष्य तूच आहेस. दावीदाचा तो संताप नाटकी नव्हता, अगदी खरा होता. म्हणूनच संताप खरा आहे एवढ्यावर विसंबू नका.

सगळ्याच वेळी असं जुळत नाही. मुलगा उपासनेत मोबाईल बघतो म्हणून तुम्हीही बघत असाल असं नाही. अशा वेळी नावाऐवजी शब्द बदलून पाहा. तो लक्ष देत नाही, बरं, मी कुणाकडे लक्ष देत नाही? माझ्या बाबतीत उत्तर होतं, घरात जेवायला समोर बसलेला माणूस.

३. रात्रीची झडती

आम्ही प्रॉटेस्टंट. पण ही पद्धत मी उसनी घेतली ती कॅथलिकांच्या जेझुइट संघातल्या फादरांकडून. पुण्यात त्यांची वाण नाही, नगर रोडवर रामवाडीला ज्ञानदीप विद्यापीठ आहेच. सोळाव्या शतकात त्या संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाच्या शेवटी करायच्या आत्मपरीक्षणाच्या पाच गोष्टी घालून दिल्या. माझ्या शब्दांत अशा: आज मिळालं त्याबद्दल आभार माना. स्वतःला खरं दिसावं म्हणून प्रकाश मागा. सकाळपासून एकेक तास आठवत या. जिथे चुकलं तिथे क्षमा मागा. उद्यासाठी एक गोष्ट ठरवा. पंधरा मिनिटं पुरतात.

यातली पहिली गोष्ट गाळू नका. मी गाळली होती. महिनाभर रोज रात्री नुसत्या चुका लिहिल्या आणि घरात सगळ्यांवर वसवस करायला लागले. यजमान म्हणाले, “नम्र होण्याआधी जरा माणसात ये.”

इग्नेशियस यांचीच आणखी एक युक्ती आम्हा शिक्षकांना फार जवळची वाटते. एकच दोष निवडायचा. वहीत प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा ओढायच्या, एक दुपारच्या जेवणापर्यंतची, एक रात्रीपर्यंतची. तो दोष जितक्यांदा घडला तितके ठिपके त्या रेघेवर द्यायचे. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्याशी आणि हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा. मी “दुसऱ्याची गोष्ट तिसऱ्याला सांगणं” निवडलं. पहिल्या सोमवारी अकरा ठिपके पडले, त्यातले सात फोनवर. तेव्हापासून दुपारी दोन ते चार मी फोन आतल्या खोलीत ठेवते.

ठिपके शून्यावर आले की मात्र सावध व्हा. माझे एकदा सलग चार दिवस शून्य आले आणि पाचव्या दिवशी मी हे तिघींना सांगितलं होतं. मंदिरात प्रार्थना करणाऱ्या परूश्याची, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या माणसाची, गोष्ट लूकच्या अठराव्या अध्यायात आहे. तोही आपल्या उपवासांचा आणि दशमांशाचा हिशेब अचूक देत होता.

४. तुमचं मुसळ दाखवणारा माणूस शोधा

वहीची एक मर्यादा आहे. जे आपल्याला दिसतच नाही ते वहीत येत नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात मोशे नावाचे एक संन्यासी होते, आधी दरोडेखोर असलेले. एका बंधूची चूक झाली, तिचा निकाल लावायला सगळे जमले आणि यांना बोलावणं गेलं. हे आले ते पाण्याने भरलेलं गळकं मडकं पाठीवर घेऊन. हे काय, असं विचारल्यावर म्हणाले, माझी पापं माझ्या मागे गळतायत, मला ती दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करायला आलोय. त्या बंधूला मग कुणी काही बोललं नाही.

मागे गळतंय ते मागून चालणाऱ्याला दिसतं. असा माणूस निवडताना तुमची वाहवा करणारी मैत्रीण नको, आणि ज्याला तुमच्यावर जुना राग काढायचाय तोही नको. कॅथलिक बांधवांना कबुलीसाठी फादर असतात, तेवढी त्यांची सोय बरी. आम्ही काही जण पाळकसाहेबांकडे जातो. मी माझ्या धाकट्या जावेकडे गेले. ती आमच्या चर्चला येत नाही, तिला मंडळीतलं राजकारण ठाऊक नाही, आणि ती माझ्याबरोबर एकोणीस वर्षं एका स्वयंपाकघरात वावरली आहे.

विचारायचं कसं? “माझ्यात काही दोष आहेत का गं?” असं विचारलंत तर “छे हो वहिनी” एवढंच उत्तर येणार. नेमकं विचारा. मी म्हणाले, “मी कुणाला चूक सांगते तेव्हा कशी दिसते?” ती कोथिंबीर निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, “वहिनी, तुम्ही आधी आजूबाजूला बघता. कोण कोण ऐकतंय ते. मग बोलता.”

मला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. खरं होतं. सातच्या बातम्यांचं वाक्य त्या बाईसाठी नव्हतंच, बाकीच्या तेरा जणींसाठी होतं.

उत्तर मिळाल्यावर “हो, पण” म्हणू नका. फक्त “बरं” म्हणा. पुढे काय बोलायचं ते दुसऱ्या दिवशी.

५. आधी आपला हिशेब मिटवा

वेदीजवळ दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, हेही त्याच डोंगरावरच्या प्रवचनात आहे. तेव्हा कुसळाचा विषय बाजूला ठेवून मी माफी मागायला गेले.

पूलगेटहून बस धरली, हडपसर गाडीतळाला उतरले. पिशवीत कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटं होती. निघताना यजमान म्हणाले, “लाच घेऊन चाललीस?” ते ऐकून पुडा घरी ठेवायला हवा होता. ठेवला नाही. ती दारात आली, तिने आधी पुड्याकडे पाहिलं आणि “या ना बाई” म्हणून लगेच चहा टाकायला आत गेली. मला बोलायचं होतं त्याचं पाहुणचारात रूपांतर झालं आणि मुद्द्यावर यायला पाऊण तास गेला. म्हणून सांगते, माफी मागायला रिकाम्या हाती जा.

माफीचं वाक्य घरी लिहून न्या. त्यात “पण” आहे का तपासा. “तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी” हे माफीचं वाक्य नाही, त्यात दोष तिच्या वाटण्याला दिलाय. माझं तिसऱ्या खेपेला जमलेलं वाक्य असं होतं: “मी तुला सगळ्यांसमोर हसण्यावारी नेलं. ते मी लोकांना दाखवायला केलं. माझं चुकलं.” एवढंच बोला आणि थांबा. ती लगेच “जाऊ द्या हो” म्हणेल असं धरून चालू नका. माझ्या वेळी ती बराच वेळ कपाच्या दांडीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “त्या दिवशी मी बसमध्ये रडले, बाई.”

माफी मागितली त्याच दिवशी तिची चूक काढू नका. अजिबात नाही. काढलीत तर ती माफी म्हणजे प्रस्तावना होती असं तिला वाटेल, आणि ते खरंच असेल.

६. आता ठरवा, बोलायचं आहे का?

इथवर आलात की निम्मे विषय गळून पडलेले असतात. सूर खाली लागतो, थैली पुढे सरकवताना छताकडे बघतात, ही कुसळं नव्हेत, माझी करमणूक होती. मी स्वतःला तीनच प्रश्न विचारते. यात कुणाचं नुकसान होतंय का? हे सांगायची जागा माझीच आहे का, की जवळचं कुणी सांगेल? आणि ती चूक सुधारली तर मला आनंद होईल का, की बोलायला विषय संपल्यासारखं वाटेल? प्रार्थनेत नावं घेण्याने खरंच नुकसान होत होतं. दारूचा उल्लेख झालेल्या मुलाच्या आईने मंडळात येणं कमी केलं होतं. म्हणजे बोलायला हवंच होतं.

७. एकटीला, समोरासमोर, बसून

मत्तयच्या अठराव्या अध्यायातला क्रम स्पष्ट आहे. आधी दोघांतच. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घेऊन. तरी नाही तर मंडळीला. आपल्याकडे हा क्रम बरोबर उलटा चालतो. आधी मंडळीला कळतं, मग एक-दोघांना, आणि ज्याची चूक त्याला सगळ्यात शेवटी, तेही व्हॉट्सअॅपवर. ग्रुपवर “काही जणांना उद्देशून” वचन टाकणं हाही त्यातलाच प्रकार, ते काही जण कोण हे सगळ्यांना कळतं.

पुण्याला याद्या छापायची हौस तशी जुनीच. १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला बोलावलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. मिशनऱ्यांकडचं खाणं-पिणं म्हणजे तेव्हा धर्म बाटणं. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. त्यात टिळक होते, रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली, शहर कितीतरी दिवस त्यातच गुंतलेलं. पंचहौदावरून जाताना मला आता त्या चहापेक्षा ती यादी आठवते.

बोलताना काय करायचं ते कुसळाकडूनच शिकावं. पावसाळा संपल्यावर वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला फिरून आलात की मोज्यात कुसळी गवत घुसलेलं असतं. त्याच्या टोकाशी मागे वळलेले बारीक केस असतात, त्यामुळे ते पुढे सरकतं पण मागे येत नाही. हिसका मारून ओढलं तर तुटतं आणि टोक आत राहतं. मोजा उलटा करावा लागतो, उजेडात धरावा लागतो, आणि ते ज्या दिशेने निघालं होतं त्याच दिशेने पुढे काढून घ्यावं लागतं. माणसाचंही मला तसंच आढळलं. ती नावं का घेत होती? तिच्या माहेरच्या मंडळीत अशीच प्रार्थना करायची पद्धत होती, आणि नाव घेतलं नाही तर देवाला कळणार कसं, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. मी ते विचारलंच नव्हतं.

माफीनंतर तीन आठवड्यांनी आम्ही दोघी एम्प्रेस गार्डनच्या बाकावर बसलो होतो. माझी वाक्यं अशी होती, ती जशीच्या तशी वापरायला हरकत नाही: “एक विचारू का? प्रार्थनेत नावं घेतेस त्यामागे काय असतं?” मग ऐकणं. मग, “मी स्वतः फोनवर हेच करत होते, अजून पुरतं सुटलेलं नाही.” मग, “त्या ताईंनी येणं कमी केलंय. आपण नाव मनात घेऊन मोठ्याने फक्त ‘आमची एक बहीण’ म्हणू या का?”

“नेहमी”, “कधीच नाही” आणि “सगळे म्हणतात” हे शब्द टाळा. सगळे म्हणतात, म्हणजे तुम्ही सगळ्यांशी बोलून झालेलं आहे.

८. त्यानंतर

ऐकलं तर गाजावाजा नको. नाही ऐकलं तर काही आठवडे थांबा, मगच एक-दोघांना बरोबर घ्या, आणि ते दोघे तुमच्याच बाजूचे निवडू नका. मला तिथवर जावं लागलं नाही. ती गुरुवारी पुन्हा येऊ लागली आणि “आमची एक बहीण” म्हणू लागली. अधूनमधून एखादं नाव अजून निसटतं.

तुम्ही कुणाला सांगितलंत की त्यालाही तुम्हाला सांगायचा हक्क मिळतो, ही तयारी ठेवा. एम्प्रेस गार्डनमधून निघताना ती म्हणाली, “बाई, मीही सांगू का तुमचं?” मी पर्समधून वही काढली. तिने तीन गोष्टी सांगितल्या. दोन लगेच लिहून घेतल्या. तिसरी मला अजून पटलेली नाही, पण वहीत तिच्यासाठी अर्धं पान कोरं ठेवलं आहे.